डार्विनच्या समुद्रात उतरावं का?

प्रश्न : मुलगा ऑस्ट्रेलियात डार्विनला असतो. डिसेंबरात आम्ही दोघं तिकडे जातोय. नऊ वर्षांच्या नातीला समुद्रात डुंबायला न्यायची फार हौस आहे, पण मुलगा पाण्यात पाऊलही टाकू नका म्हणतो. विश्वामित्रीतल्या मगरी आम्ही जन्मभर पुलावरून पाहिल्यात. खाऱ्या पाण्यात कसली आलीय मगर?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मुलाचं ऐका. विश्वामित्रीतली मगर गोड्या पाण्यातली. डार्विनची जात वेगळी. ती भर समुद्रातून पोहत येते आणि नर ५ मीटरच्याही वर वाढतो. बंदरात सापळे लावून मगरी पकडतात, तरी नवी येतेच. गढूळ पाण्यात ती दिसत नाही, आणि दबा धरते ती काठाशीच. त्यामुळे गुडघाभर पाण्यात नुसतं उभं राहणंही नको.

डिसेंबरात त्याहून मोठी धास्ती बॉक्स जेलीफिशची. ऑक्टोबर ते मे हा तिचा हंगाम. अंग जवळजवळ पारदर्शक, खाली ६०पर्यंत तंतू, तेही ३ मीटरपर्यंत लांब. तंतूंवरच्या डंखपेशी कातडीला लागल्या की फुटतात आणि चाबकाच्या वळांसारख्या रेघा उठतात. नीट पाहिलं तर त्यांत शिडीसारखे आडवे पट्टे दिसतात. विष भरपूर गेलं तर काही मिनिटांत हृदय बंद पडतं. मुलांचं अंग लहान, म्हणून त्यांना धोका जास्त.

किनाऱ्यावर नुसतं फिरायला गेलात तरी पिशवीत साध्या व्हिनेगरची बाटली असू द्या. डंख झालाच तर माणसाला पाण्याबाहेर घ्या, एकाने ०००ला (तिथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन लावा, दुसऱ्याने निदान ३० सेकंद व्हिनेगर ओतत राहावं. त्याने दुखणं थांबत नाही. न फुटलेल्या पेशी तेवढ्या निकामी होतात. मग तंतू उचलून काढा. गोडं पाणी ओतू नका, चोळू तर मुळीच नका, उरलेल्या पेशी त्यानेच फुटतात. शुद्ध हरपून श्वास थांबला असेल तर व्हिनेगरसाठी अडून राहू नका. लगेच छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे निघण्यापूर्वी बडोद्यातच कुणा डॉक्टरांकडून हाताने करून शिकून घ्या.

लायक्राचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, अंगभर सूट जेलीफिशपासून बराच वाचवतो, पण चेहरा, तळहात, पावलं उघडीच राहतात. मगरीपुढे त्याचा काही उपयोग नाही.

नातीची हौस मात्र पुरवा. डार्विनच्या वॉटरफ्रंट भागात बांधलेलं लगून, म्हणजे पोहण्याचं तळं, आहे, ईस्ट पॉइंटला लेक अलेक्झांडर आहे. दोन्ही ठिकाणी खारंच पाणी, तेही उघड्या समुद्रापासून तोडलेलं. तरी त्या दिवशीची पाटी वाचूनच उतरा.