ओळखपत्राच्या पट्टीचा रंग

(पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानापासून मॉलच्या फ्लोअरपर्यंत २३ वर्षं विक्रीच्या कामात घालवलेल्या ताई नोकरीबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली. धायरीला राहते. घरी आई आणि मी दोघीच. आईला शुगर आहे. मला दोन नोकऱ्या चालून आल्यात. एक लक्ष्मी रोडवरच्या ड्रेसच्या दुकानात, १६,००० रोख, सोमवारी सुट्टी. दुसरी नगर रोडच्या मॉलमधल्या मोठ्या शोरूममध्ये, दुपारी १ ते रात्री १०. पत्रावर सीटीसी १८,३४० आहे, पण पत्र कंपनीचं नाही, कुठल्यातरी एजन्सीचं आहे. आई म्हणते लक्ष्मी रोड बरा, मैत्रिणी म्हणतात मॉल. पत्राचा फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. सीटीसी म्हणजे मालकाला तुझ्यावर होणारा सगळा खर्च, त्यामुळे १८,३४० हा आकडा तुझ्या हातात कधीच येणार नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. बेसिक १४,००० आणि घरभाडं भत्ता २,००० मिळून पगार झाला १६,०००. त्यातून तुझा पीएफ १२ टक्क्यांनी १,६८० जाईल आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याचे, १२०. व्यवसाय कर तुला लागणार नाही, आपल्याकडे बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो माफ आहे. हातात उरले १४,२००. वरचे जे २,३४० दिसतात, तो मालकाने भरायचा पीएफ, त्यावरचं शुल्क आणि ईएसआय.

म्हणजे घरखर्चाच्या डब्यात पडणारे पैसे बघितले तर लक्ष्मी रोड १,८०० ने पुढे आहे. तरी आईचं ऐकून लगेच हो म्हणू नकोस, आणि त्याचं कारण आईच आहे. ईएसआयचं कार्ड झालं की तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईचेही उपचार त्यात होतात. बिबवेवाडीचं ईएसआयचं हॉस्पिटल तुमच्या बाजूनं फार लांब नाही. रांगा असतात, अर्धा दिवस मोडतो, हे मी स्वतः भोगलंय. पण शुगरच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या दर महिन्याला खिशातून करणं काय असतं, ते तुला मी सांगायला नको. तू स्वतः आजारी पडून रजेवर राहिलीस, तर काही अटींवर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. आणि पीएफमध्ये तुझे नि मालकाचे मिळून महिन्याला ३,३६० तुझ्या नावावर पडतील, त्यातले १,१६६ पेन्शनकडे वळतात.

आता दुकानाकडे ये. तिथे जाऊन गुपचूप माणसं मोज. काउंटरवरची, गोडाऊनमधली, वर माळ्यावर फॉल-पिको करणाऱ्या बायका, हिशेब लिहिणारे काका, सगळी धरून. दहा झाली तर ईएसआय लागू होतो, वीस झाली तर पीएफ. शेठ "आपल्याकडे ती पद्धत नाही" म्हणाले, तरी ती पद्धतीची गोष्ट नाही, कायद्याची आहे.

मी १९९८ मध्ये अशाच दुकानात लागले. गादीवर बसून साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक उठून गेलं की पन्नास घड्या परत घालायच्या. आमचे शेठ मनाने चांगले होते. अडीनडीला उचल द्यायचे, दिवाळीला एक पगार जास्त द्यायचे, माझ्या बाळंतपणात घरी येऊन हातावर पैसे ठेवून गेले. ते उपकार मी विसरलेले नाही. पण त्या आठ वर्षांचा एक चिटोराही माझ्याकडे नाही. शेठ गेले, मुलाने दुकान भाड्याने दिलं, आणि आम्ही सगळे दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने रस्त्यावर. माया शेठजींची होती, ती त्यांच्याबरोबर गेली. म्हणून छोट्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, पगार बँकेत मागून घे. तेवढं एक केलंस तरी पुरावा तयार होत राहतो.

मॉलमध्ये मला वेगळंच शिकायला मिळालं. एकाच फ्लोअरवर, एकाच रॅकपाशी आम्ही दोघी उभ्या. तिच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, माझ्या गळ्यात करडी. निळी म्हणजे कंपनीची, करडी म्हणजे थर्ड पार्टीची, तुझ्या पत्रासारखी एजन्सीमार्फत आलेली. टार्गेट सारखं, ओरडा सारखा. घरी जाताना बॅग मात्र करड्या पट्टीवाल्यांचीच उपडी करून बघायचे. दिवाळीला निळ्यांना मिठाईचा बॉक्स आणि बोनस, आम्हाला नुसता बॉक्स. पुढे तोही बंद झाला. दर अकरा महिन्यांनी एजन्सी बदलायची, पत्र नवं, नोकरी कागदावर नवी. आणि एका एजन्सीने तर सात महिने माझ्या पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाही. मला कळलं ते सासऱ्यांच्या ऑपरेशनला पैसे काढायला गेले तेव्हा. पीएफ ऑफिसात स्लिपा घेऊन तक्रार केली. एजन्सी पळाली तरी जिच्यासाठी काम केलं ती मूळ कंपनी त्या पैशाला जबाबदार असते, म्हणून शेवटी भरणा झाला. पण ऑपरेशन व्याजाच्या पैशाने झालं.

तेव्हा एजन्सीची नोकरी घेतलीस तर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, पहिल्या महिन्यातच सुरू करून घे आणि दर महिन्याला उमंग ॲपवर पासबुक बघ. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात भरणा नाही, असं दोन महिने झालं की गप्प बसू नकोस. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली मोठी असेल तर तिचा वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना कायम किती आणि कायम नसलेले किती, वर्षात किती जण सोडून गेले, हे त्यात छापावंच लागतं. बी.कॉम. आहेस, तुला वाचता येईल. दोन कंपन्यांचे अहवाल शेजारी ठेवलेस की कोण माणसं टिकवतो ते दिसतं.

रात्रीचं राहिलं. दुकान १० ला बंद म्हणजे हिशेब लावून निघायला साडेदहा, मग स्वारगेटला बस बदलून धायरी. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची सोय मालकाची. रुजू होण्याआधीच विचार : मला कोण सोडणार?

माझं म्हणशील तर आधी लक्ष्मी रोडला जा. माणसं दहा किंवा जास्त असतील आणि शेठ ईएसआय नि बँकेतला पगार देणार असतील, तर १४,५०० हातात आले तरी ती नोकरी घे. सोमवार तुझा, रात्री नऊला घरी, आईजवळ. ते नाही म्हणाले तर मॉल, पण सकाळची पाळी मागून, आणि त्यांची शाखा सिंहगड रोडकडे असेल तर तिथली.

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, एका कापड दुकानात १९ वर्षं आहे. पगार २०,८००, सगळा बेसिकच. आता गुडघे साथ देत नाहीत, सोडायचं म्हणतोय. नेमणूकपत्र नाही. मालक म्हणतात, ग्रॅच्युइटी फक्त कंपन्यांत असते.

उत्तर : दादा, मालकांना ती चुकीची माहिती आहे. दहा माणसांच्या दुकानालाही ग्रॅच्युइटी लागू होते, आणि एकदा लागू झाली की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. हिशेब सोपा आहे : महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, वर्षांनी गुणायचं. तुमचे ८०० गुणिले १५, म्हणजे वर्षाला १२,०००. एकोणीस वर्षांचे २,२८,०००. पत्र नसलं तरी पुरावा असतो. बँकेतल्या नोंदी, तुमच्या अक्षरातली जुनी बिलबुकं, दसऱ्याच्या पूजेचे फोटो, शेजारच्या दुकानातले साक्षीदार. राजीनामा तोंडी देऊ नका. सोडल्यापासून ३० दिवसांत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाहीच दिली तर शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात दावा लावता येतो.

प्रश्न : मी सुपरमार्केटला कॅशवर आहे. नऊ तास उभं राहून पाय सुजतात. स्टूल मागितलं तर सुपरवायझर म्हणतात, गिऱ्हाइकाला आळशीपणा वाटतो.

उत्तर : तुझ्या पत्राने मला माझे पाय आठवले. संध्याकाळी सातनंतर आम्ही एकेक जण ट्रायल रूममध्ये शिरून दोन मिनिटं जमिनीवर बसायचो, बाहेर मैत्रीण पहारा देई. वर्षानुवर्षं. मला आज त्याची चीड येते. केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या मैत्रिणींनी कापड दुकानांतल्या बायकांसाठी हाच प्रश्न लढवला, आणि २०१८ मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो दिला. हे सुपरवायझरला नको सांगूस, त्याच्या हातात काही नसतं. कॅशवरच्या सगळ्यांच्या सह्यांचं पत्र स्टोअर मॅनेजरला दे. गिऱ्हाईक नसताना बसू, असं एकच वाक्य मागा. बिल स्कॅन करायला उभंच राहावं लागतं असं नाही, बँकेतला कॅशिअर बसूनच नोटा मोजतो. आणि सूज सकाळीही उतरत नसेल, तर पत्राची वाट न बघता ईएसआयच्या दवाखान्यात दाखव.