‘रेग्युलर’ म्हणजे नक्की केवढं? नाव सोडा, मिली आणि ग्रॅम विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांनी सिनेमाला ‘रेग्युलर’ पॉपकॉर्न मागितले आणि मांडीवर मावेना एवढा टब हातात आला. त्याआधी कॉफीच्या दुकानात ‘टॉल’ मागितली, तर शेजारच्या सगळ्यांपेक्षा लहान कप मिळाला. यावर बाबा म्हणाले, “आपल्यालाच कळत नाही.” त्यांना आधी सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही. मी मल्टिप्लेक्सच्या खाण्याच्या काउंटरवर सात वर्षं काढली आहेत. शिकलेसवरलेले, रोज बाहेर खाणारे लोकही याच ठिकाणी अडायचे.

लिटर कुठेही गेलात तरी लिटरच असतो. रेग्युलर, मीडियम, लार्ज या शब्दांना मात्र कुणीही माप ठरवून दिलेलं नाही. दोनच साइज असतील तिथे रेग्युलर म्हणजे लहान, तीन असतील तिथे कधी लहान तर कधी मधला. बारमध्ये स्मॉल म्हणजे ३० मिली आणि लार्ज म्हणजे ६० मिली, ते समोर मापाने मोजून मिळतं. कॉफी आणि कोल्ड्रिंकच्या बाबतीत तसं काही नाही.

‘टॉल’ची गोष्ट सांगते, म्हणजे बाबांना पटेल. स्टारबक्स या कॉफीच्या साखळीत सुरुवातीला शॉर्ट नावाचा लहान कप फलकावर होता, त्याच्या शेजारी टॉल खरंच उंच होता. पुढे ग्रँडे, व्हेंटी असे त्याहून मोठे कप झाले आणि अमेरिकेत शॉर्ट फलकावरून गेला. त्यामुळे तिथे फलकावरच्या सगळ्यात लहान कपाला ‘टॉल’ हे नाव चिकटून राहिलं. तो साधारण ३५४ मिली, ग्रँडे ४७३, गरम व्हेंटी ५९१. व्हेंटी म्हणजे इटालियनमध्ये वीस, कारण तो कप २० औंसांचा. त्यातही गोम अशी की त्यांच्या नेहमीच्या मापात गरम ‘लाटे’ म्हणजे दुधाची कॉफी घेतली, तर ग्रँडेत आणि व्हेंटीत एस्प्रेसोचे, म्हणजे कडक कॉफीचे, शॉट दोनच असतात. जास्तीचे पैसे जातात ते दुधाचे.

आता पॉपकॉर्न. अमेरिकेत १९६०च्या दशकात डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ एका थिएटर साखळीत होते. त्यांच्या लक्षात आलं की आवडले तरी लोक दुसरं पाकीट घ्यायला येत नाहीत, हावरट दिसू अशी लाज वाटते. म्हणून त्यांनी एकच मोठं पाकीट काढलं आणि ते धडाधड खपलं. तेच पुढे मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेले आणि तिथेही फ्राइजचं मोठं पाकीट आलं. मोठा टब भूक बघून आलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मधला साइज बहुतेक वेळा मोठा विकण्यासाठीच ठेवलेला असतो. समजा, लहान ३६० मिली २८० रुपये, मधला ५०० मिली ३४० आणि मोठा ६५० मिली ३६०. मधल्यावर बोट ठेवलं की काउंटरवरून विचारतात, “वीसच रुपये जास्त, लार्ज करू का?” हे वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. शंभर मिलीमागे हिशेब केला तर लहान जवळजवळ ७८ रुपयांना पडतो आणि मोठा ५५ला, म्हणजे मोठा स्वस्त खरा. पण ३६० मिलीत तहान भागणार असेल तर ऐंशी रुपये जास्त गेले आणि उरलेलं खुर्चीखाली राहिलं. शो सुटल्यावर असे अर्धे भरलेले ग्लास उचलून उचलून आमचे हात चिकट व्हायचे.

मग करायचं काय? एक म्हणजे फलकावरचे बारीक आकडे वाचा. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना एका वाढपात किती कॅलरी आहेत आणि ते वाढप केवढं आहे, हे मेनूवर लिहावं लागतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा हा नियम २०२२पासून लागू आहे. भाव मोठ्या अक्षरात असतो, ग्रॅम-मिली त्याच्याखाली किंवा बाजूला असतात. फक्त ग्रॅमची तुलना एकाच चवीत करा. कॅरॅमलचा पाक जड असतो, त्यामुळे तेवढ्याच टबात साध्या पॉपकॉर्नपेक्षा ग्रॅम जास्त दिसतात.

दुसरं, रिकामा कप दाखवायला सांगा. एकदा एक आजोबा आले, त्यांना नातवासाठी कोल्ड्रिंक हवं होतं. म्हणाले, “पोरी, तिन्ही ग्लास एका ओळीत ठेव बघू.” मी ठेवले. त्यांनी लहान ग्लास उचलून नातवाच्या हातात दिला, त्याला तो दोन्ही हातांनी धरावा लागला. “हाच दे,” म्हणाले. मागे रांग होती, पण कुणी कुरकुरलं नाही, उलट मागच्या दोघांनीही ग्लास बघूनच ऑर्डर दिली. त्या दिवसापासून मी तीन रिकामे ग्लास काउंटरवरच मांडून ठेवायचे.

तिसरं बर्फाचं. रसवंतीवर आपण बेधडक “बिनबर्फाचा” सांगतो, कारण बर्फाने ग्लास भरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथेही तसंच सांगा. मशिनमधून येणारं कोल्ड्रिंक मुळातच गार असतं, आणि बर्फाने काठोकाठ भरलेल्या ग्लासात पेयाला जेमतेम अर्धी जागा उरते.

पिझ्झ्याचं एवढंच लक्षात ठेवा की ७ इंचांचे दोन पिझ्झे म्हणजे जवळपास १० इंचांचा एक. भाव बघून ठरवा.

आणि पाण्याची बाटली नाइलाजाने घेऊ नका. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३मध्ये बाहेरचे पदार्थ अडवण्याचा थिएटरचा हक्क मान्य केला, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे हेही सांगितलं, आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेलं खाणंही अडवता येत नाही. पाणी कुठे आहे ते काउंटरवर विचारा, नळ बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर असतो.

पुढच्या वेळी बाबांना घेऊन जाल तेव्हा चौघांत एकच मोठा टब घ्या आणि सोबत तीन रिकामी पाकिटं मागा. मागितली की बहुतेक ठिकाणी देतात, आम्ही तर नेहमी द्यायचो. ऑर्डर मात्र बाबांनाच देऊ द्या. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं: “सगळ्यात लहान किती मिलीचा? रिकामा दाखवा जरा.”