मोठा अजून वाड्यातच राहतो

मावशी, सप्रेम नमस्कार.

अक्षय्य तृतीयेला आम्ही दांडिया बाजारातल्या वाड्यातून भायलीला, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सासू-सासरे आणि धाकटे दीर-जाऊ वाड्यातच आहेत. भांडण वगैरे काही नाही. दोन खोल्यांत आम्ही चौघं मावेनासे झालो, एवढंच. मोठा साडेचार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. मोठ्याची शाळा रावपुऱ्यात आहे, ती यंदा बदलायची नाही असं ठरलं. म्हणून शाळा सुटली की तो वाड्यात जातो, दोन्ही वेळा आजीकडे जेवतो, आणि मिस्टर मकरपुऱ्याहून सुटले की रात्री नऊ-साडेनऊला त्याला गाडीतून घेऊन येतात. मागच्या सीटवर तो झोपलेलाच असतो.

रात्री दोनच्या सुमाराला उठून ‘घरी चला’ म्हणून रडतो. वर्षभर गादी कोरडी होती, आता आठवड्यातून तीन-चारदा ओली. खाली बागेत मुलं खेळतात, हा माझी ओढणी सोडत नाही. वाड्याच्या गच्चीवरून सूरसागर तलावातला शंकराचा पुतळा दिसायचा. परवा इथल्या गॅलरीत उभा राहून विचारत होता, ‘इथून शंकर का नाही दिसत?’ सासूबाई फोनवर म्हणतात, लेकरू सुकलं. मिस्टर म्हणतात, होईल सवय. मला वाटतं आमचं चुकलंच, फ्लॅट विकून परत जावं. अकरा खोकी अजून गॅलरीत तशीच पडली आहेत, उघडायला हात होत नाही. माझ्या शिकवण्याही बंद झाल्या, पण ते ठीक आहे.

– एक वाचक, भायली, बडोदे

*

आधी एक काम कर. वाचायचं थांबव आणि ती खोकी गॅलरीतून आत ओढ.

दीड वर्षाच्या मुलीला चढता येतं आणि खाली किती खोल आहे ते कळत नाही. खोक्यावर एक पाय, कठड्याच्या आडव्या पट्टीवर दुसरा, आणि तुझा फ्लॅट सातव्या मजल्यावर. तेव्हा हॉलमध्ये चालायला जागा उरली नाही तरी चालेल, खोकी आत. कुंड्या, बसायचा मोडा, प्लास्टिकची खुर्ची, ज्यावर चढता येईल असं सगळंच आत. गॅलरीला जाळी बसेपर्यंत दाराची वरची कडी लावलेली, आणि मुलांचा पलंग खिडकीला चिकटवलेला असेल तर तोही सरकव. वाड्यात मूल पडलं तर ओटल्याच्या दोन पायऱ्यांवरून पडायचं. आपण सगळ्याच तशा घरांत वाढलो, म्हणून हे पटकन डोक्यात येत नाही. तुला दोष देत नाही.

ओढलीस? आता बस.

तुझं पत्र वाचताना मी बोटांवर तास मोजले. सकाळी सातला उठतो म्हणू, आठला रिक्षा. परत येतो तो रात्री साडेनऊला, झोपलेला. म्हणजे शाळेच्या दिवशी तो जागेपणी तुझ्या फ्लॅटमध्ये असतो तासभर, आणि तो तासही दात घास, दूध पी, मोजा कुठे गेला यात जातो. अगं, घर तुम्ही तिघांनी बदललंत. तो अजून वाड्यातच राहतो. भायलीला तो रात्री उतरतो, लॉजवर उतरावं तसा. ‘घरी चला’ हा त्याचा हट्ट नाही. त्याच्या हिशेबाने तो अगदी बरोबर बोलतोय.

रात्री दोनचं रडणंही त्यातलंच. रात्रीत आपण सगळेच दोन-चारदा अर्धवट जागे होतो. कूस बदलतो, उशी चाचपतो, सगळं जागच्या जागी आहे असं हाताला कळलं की पुन्हा झोपतो आणि सकाळी काही आठवत नाही. मुलांचंही तसंच. पण डोळे मिटताना जे आजूबाजूला होतं ते चाचपताना सापडलं नाही, तर मूल खडबडून जागं होतं. हा डोळे मिटतो गाडीत, बहुतेक आजीच्या पदराचा वास नाकात असताना, आणि जागा होतो अंधाऱ्या, रंगाचा वास येणाऱ्या खोलीत. तुला कुणी झोपेत उचलून पावागडच्या धर्मशाळेत नेऊन ठेवलं तर तूही ओरडशील.

तेव्हा माझं मुख्य सांगणं हे, की त्याला झोपलेला आणू नका. घर त्याने जागेपणी, स्वतःच्या पायांनी बदलू दे.

आठवड्यातले तीन दिवस त्याला शाळेतून थेट भायलीला आणायचं. रिक्षावाला दुपारी एवढ्या लांब येणार नसेल तर शाळेची व्हॅन बघ, नाहीतर त्याच्या काकाला विचार. पुतण्याला सोडायला भायलीपर्यंत यायचं म्हटल्यावर दीर नाही म्हणणार नाही. उरलेल्या दिवशी वाडा, खुशाल. पण कोणता दिवस कुठला ते पक्कं हवं आणि त्याला ठाऊक हवं. भिंतीवर कॅलेंडर लाव, वाड्याच्या दिवसावर त्याच्याच हाताने लाल ठिपका काढून घे. आज वाड्यात जायचं की नाही हे रोज सकाळी रडून ठरायला लागलं, तर तो रोज रडून बघेल. आपणही तेच केलं असतं.

वाड्याच्या दिवशी उशीर होणारच, मकरपुरा काही जवळ नाही. मग पार्किंगमध्ये त्याला उठवायचं. हो, उठवायचं. चिडेल, अंग टाकून देईल. लिफ्टचं बटण त्याने दाबायचं, किल्ली बाबाच्या हाताखाली धरून कुलूप त्याने उघडायचं, बूट त्याने काढायचे, शू करून यायची आणि आपल्या गादीवर चालत जायचं. दहा-पंधरा मिनिटांचा तमाशा आहे. रात्री दोनच्या तमाशापेक्षा स्वस्त.

बूट म्हटलं म्हणून आठवलं. आम्ही बाबाजीपुऱ्यातून कारेलीबागेत आलो तेव्हा माझी लेक तीन वर्षांची होती. आठ दिवस तिने चपला काढल्या नाहीत. घरभर चपला घालून हिंडायची, जेवायला बसायची ती चपला घालून, झोपली की मी हळूच काढायचे आणि सकाळी ती आधी चपला शोधायची. मी रागावले, लाच दिली, एकदा तर चपला लपवूनही ठेवल्या. तो माझा मूर्खपणा. मला वाटत होतं मुलीला वळण राहिलं नाही. ती बिचारी कधी निघायचं त्याची वाट बघत होती. दुसऱ्याच्या घरी आपण नाही का, पाय दुमडून, पर्स मांडीवर घेऊन बसत? नवव्या की दहाव्या दिवशी शेजारच्या मुलीबरोबर जिन्यात पाण्याने खेळून आली, ओल्या चपला दारातच उडवल्या आणि तशीच आत पळाली. एक चप्पल शूरॅकखाली गेली होती. मी ती दोन दिवस तिथेच राहू दिली.

गादीचं सांगते. पाच वर्षांच्या आतलं मूल रात्री गादी ओली करतं याला डॉक्टर आजार म्हणत नाहीत, आणि कोरडं झालेलं मूल घर बदललं, भावंड आलं, शाळा बदलली की पुन्हा ओलं करतं, हेही नेहमीचंच. पण एकदा बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेव. लघवीला जळजळ होत असेल, तहान फार लागत असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील किंवा शौचाला खडा होत असेल तर लगेच दाखव. एरवी गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर असं अंथर. रात्री वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं तयार. दिवासुद्धा लावावा लागत नाही. आणि त्याचं बाथरूम एकदा त्याच्या उंचीवर बसून बघ. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेव. फ्लशच्या आवाजाला घाबरत असेल तर रात्री फ्लश नकोच. फार पाणी पिऊ नको म्हणून मागे लागू नकोस. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ: ‘आज पुन्हा केली बघा’ हे सासूबाईंना फोनवर सांगताना तो त्या खोलीत नको. साडेचार वर्षांच्या माणसाला अब्रू असते.

‘होईल सवय’ म्हणणाऱ्या तुझ्या मिस्टरांशी मी अर्धी सहमत आहे. सवय होते, पण करावी लागते. त्यांना आपल्या बडोद्याचंच उदाहरण सांग. नाशिककडच्या कवळाण्याच्या घरातून गोपाळराव इथे दत्तक आला १८७५ साली, वय बारा. त्याचे पुढे सयाजीराव महाराज झाले. ते काय राजवाड्यात आणून सोडलं म्हणून? त्या मुलासाठी इलियट साहेबासारखा शिक्षक नेमला गेला, नेमाने शिकवणं सुरू झालं. तुमच्याकडे साहेब नाही, पण कॅलेंडर आणि लाल स्केचपेन आहे.

आता खोकी. अकरा आहेत ना? मोठ्याचं सामान ज्यात आहे ते आधी, आणि त्याच्यासमोर. चिकटपट्टी त्याला ओढू दे. मुलांची खोली मासिकातल्यासारखी लावून मग त्याला दाखवायची असा बेत असेल तर सोडून दे. नव्या खोलीत जुनं काहीतरी हवंच, आणि जितकं विटकं तितकं चांगलं. वाड्यातली त्याची गोधडी मागवून घे. धुवायच्या आधी.

शंकराचं विचारलंय त्याने, तर खरं सांग. इथून नाही दिसत. तो खूप लांब राहिला, मध्ये सगळं गाव आहे. १११ फुटांचा झाला तरी काय, भायलीहून कसा दिसणार! ‘दिसतो बघ, त्या तिकडे’ असलं खोटं नको. संध्याकाळी त्याला आणि धाकटीला घेऊन सोसायटीच्या गच्चीवर जा, दार सांभाळून, दोघांचे हात धरून, आणि इथून काय काय दिसतं ते त्याला शोधू दे. वाड्यात गेला की आजोबांना विचारायचं, तुम्हाला तुमच्या गच्चीवरून हे दिसतं का? आजोबांना नाही दिसणार. मग त्याच्याकडे काहीतरी असेल जे वाड्याकडे नाही.

खाली खेळायला ढकलू नकोस. तू बाकावर बस, तो ओढणी धरून बसू दे, वीस दिवस लागले तरी लागू दे. तिथली मुलं हिंदी-गुजराती-इंग्रजीची भेळ बोलत असणार आणि हा घरातली मराठी घेऊन आलाय, त्यामुळे आधी कानाने खेळेल. नवरात्रात सोसायटीचा गरबा सुरू झाला की उरलेलं काम ढोल करेल. बडोद्यातलं मूल आहे ते.

सासूबाईंच्या ‘लेकरू सुकलं’वर तू चिडली आहेस, लिहिलं नाहीस तरी कळतं. पण हिशेब कर, नातू रोज रात्री त्यांच्या मांडीवरून उचलून नेला जातो आणि जिथे नेला जातो ती जागा त्यांनी वास्तुशांतीच्या गर्दीत पाहिली असेल तेवढीच. त्यांना चार दिवस राहायला बोलाव. बोलावणं तुझ्या नवऱ्याने करायचं, तू नाही. त्यांची गादी मोठ्याच्या खोलीत. एक डबा त्यांच्या हाताने लागू दे. मीठ-मिरचीची जागा त्या बदलतील, बदलू दे, नंतर हळूच परत ठेव. आजी ज्या खोलीत घोरली ती खोली नातवाला परकी राहत नाही. आणि जेवायच्या वेळी त्याला व्हिडिओ कॉल लावून ‘कधी येतोस रे घरी?’ असं विचारणं चालू असेल, तर तेही नवऱ्यानेच आईला सांगायचं, की आई, ‘घरी’ म्हणू नकोस, ‘वाड्यात’ म्हण.

फ्लॅट विकायचा विषय उत्तरायणापर्यंत काढायचा नाही. उत्तरायणाला मात्र सगळे वाड्यावर जा. जुन्या गावातल्या चिकटून बसलेल्या गच्च्या सोडून भायलीला पतंग उडवायचा म्हणजे शेव सोडून नुसता रस्सा खायचा. तेव्हाही परत जावंसं वाटलं तर मला पुन्हा लिही, मी वेड्यात काढणार नाही.

राहता राहिलं ते शेवटचं वाक्य, ‘पण ते ठीक आहे’. मला नाही ठीक वाटत. तुझ्याकडे वाड्यात दुपारी पाच-सात मुलं पाट्या घेऊन यायची, त्यांच्या आया ओटल्यावर टेकून दोन शब्द बोलायच्या, चार पैसे तुझ्या हातात यायचे. आता दुपारभर धाकटी आणि तू आणि अकरा खोकी. तुझाही दिवस वाड्यातच राहिलाय. ज्या तीन दिवशी मोठा दुपारी भायलीला येईल, त्यातल्या एका दिवशी सोसायटीतल्या दोन मुलांना शिकवायला बोलाव. दोनच. वॉचमनला सांगून ठेव, तो सगळ्या मजल्यांवर बातमी पोचवतो. मुलं तुझ्याकडे वर यायला लागली की मोठ्याला खाली जायची घाईही उरणार नाही, खेळगडी आपल्याच दारात चपला काढतील.

जाळीवाल्याला फोन उद्याच कर. आणि खोकी आत आली का, ते मला कळव.