रक्तस्रावाचा सराव दोनदा घे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा सराव तू प्रथमच घेणार आहेस. चुकलेलं काम त्याच दिवशी नीट जमलं की विद्यार्थिनींना धीर येतो. नुसतं कौतुक त्यांना लगेच कळतं. म्हणून प्रसंग एकच ठेव, फेऱ्या दोन घे.

आधी रक्ताचा अंदाज घ्यायला शिकव. पाण्यात खायचा लाल रंग कालवून 500 मिली पॅडवर आणि चादरीवर ओत. किती गेलं ते प्रत्येकीला लिहायला सांग. मग सगळं वजन करून कोरडं वजन वजा कर. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. बहुतेक आकडे कमी निघतील. मदतीची हाक उशिरा जाते ती इथूनच.

मामानाताली, म्हणजे पोटावर बांधायचं बाळंतपणाचं मॉडेल, असेल तर ती एखाद्या सहकारी सिस्टरला पोटावर बांधायला दे. ‘ताई, गरगरतंय मला,’ असं ती बाळंतीण होऊन बोलली की मुली तिच्या चेहऱ्याकडे बघतात. घाम, गार पडलेले हात मॉडेल दाखवत नाही. ते तू सांगायचं, हे आधीच स्पष्ट कर.

गट चौघींचा पुरे. चौघीही सलाईनकडे धावतात आणि गर्भाशय चोळणारा हात सुटतो, ही नेहमीची चूक. दुसरी म्हणजे ‘कोणीतरी ऑक्सिटोसिन भरा’ (गर्भाशय आकसवणारं औषध) असं हवेत बोलणं. नाव घेऊन सांगायचं, ऐकणारीने डोस परत म्हणायचा: 1 लिटर रिंगर लॅक्टेटमध्ये 20 युनिट, मिनिटाला 40 ते 60 थेंब. रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, शिरेतून सावकाश 10 मिनिटांत, बाळंतपणापासून 3 तासांच्या आत. मूत्राशय भरलेलं राहिलं तर गर्भाशय नीट आकसत नाही. लघवी काढायचा कॅथेटर हमखास विसरला जातो. अँप्यूल खरोखर फोडायला लाव, त्यात जाणारा वेळ त्यांना कळू दे.

मध्येच थांबवून सुधारू नकोस. गट अडकला तर बाळंतिणीच्या तोंडून सुचव. फेरी 10 मिनिटांची असेल तर चर्चेला 20 दे. ‘का चुकलीस?’ ऐवजी ‘तेव्हा तुला काय दिसलं, काय ठरवलंस?’ असं विचार. रक्त दिसल्यापासून मदतीची हाक जाईपर्यंतचे सेकंद फळ्यावर लिही. दुसऱ्या फेरीत गप्प राहिलेल्या मुलीकडे नेतृत्व दे, आणि ते सेकंद शेजारी लिही.

सरावाच्या प्रत्येक अँप्यूलवर आणि बाटलीवर ‘फक्त सरावासाठी’ अशी चिठ्ठी लाव. शेवटी मोजून कपाटात कुलूपबंद कर. त्यातली एकही वॉर्डात जाता कामा नये.

तुझी,
मॅडम