वडील ठणठणीत, मग भावाची गाठ आनुवंशिक कशी?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाची अंगठी बोटातून निघेनाशी झाली आणि वर्षभरात बुटांचा नंबर दोनदा वाढला. तपासणीत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत वाढीचे संप्रेरक जास्त तयार करणारी गाठ निघाली. तो २३ वर्षांचा आहे. आत्यालाही पूर्वी याच ग्रंथीची, पण प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्यास चालना देणारे संप्रेरक) वाढवणारी गाठ झाली होती. वडील मात्र ठणठणीत आहेत. हा आजार आनुवंशिक असेल का? माझ्या दोन लहान मुलांची जनुकीय तपासणी करावी का?

उत्तर : मुलांची तपासणी आत्ताच करू नका, आधी भावाची व्हायला हवी. पिट्युटरीच्या बहुतेक गाठी आनुवंशिक नसतात. ग्रंथीतल्या एखाद्या पेशीच्या जनुकात पुढे आयुष्यात बदल होतो आणि तिथूनच गाठ वाढते. तो बदल मुलांकडे जात नाही. आनुवंशिक गाठींचे प्रमाण सुमारे ५ टक्केच आहे. पण एकाच घरात दोघांना गाठ आणि त्यातला एक तिशीच्या आतला, म्हणून तुमची शंका रास्त आहे. दोघांची संप्रेरके वेगळी असली तरी मूळ एक असू शकते.

अशा वेळी ए.आय.पी. या जनुकाचा विचार प्रथम होतो. त्याचा या गाठींशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. सदोष जनुक आईवडिलांपैकी एकाकडून प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते. मात्र ते मिळालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकालाच गाठ होते. म्हणूनच वडील निरोगी राहूनही ते जनुक भावाला देऊ शकतात. अठराव्या शतकातील, २२ व्या वर्षी वारलेला अतिउंच आयरिश तरुण चार्ल्स बर्न याच्या दातांतून मिळालेल्या डीएनएमध्ये हाच दोष आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तोच बदल उत्तर आयर्लंडमधील आजच्या काही कुटुंबांतही सापडला. इतक्या पिढ्या तो बहुधा निरोगी माणसांमधूनही पुढे सरकत आला असावा.

भावाच्या रक्तातील कॅल्शियमही पाहून घ्या. ते वाढलेले असेल तर एमईएन-१ या आनुवंशिक विकाराची शंका येते, कारण त्यात पिट्युटरीबरोबरच रक्तातील कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींत आणि स्वादुपिंडातही गाठी होतात.

भावाच्या जनुकात दोष सापडला, तर नेमक्या त्याच दोषासाठी तुमची तपासणी करता येईल. तुमच्यात तो नसेल, तर तुमच्या मुलांना त्याचा धोका राहत नाही. असेल, तर मुलांचीही तपासणी करावी लागेल आणि ज्याच्यात तो आढळेल त्याची उंची, वयात येण्याचा काळ आणि रक्तातील संप्रेरके नियमित पाहावी लागतील. हे ओझे नव्हे. गाठ लहान असताना, डोळ्यांच्या नसांवर तिचा दाब येण्याआधी कळली तर दृष्टी आणि ग्रंथीचे काम वाचवणे पुष्कळ सोपे जाते. भावाच्या तपासणीत काहीच सापडले नाही, तरी आनुवंशिकता पूर्णपणे नाकारता येत नाही, कारण अशा अनेक कुटुंबांत कारणीभूत जनुक अजून ओळखलेले नाही. तेव्हा एखादे मूल अचानक झपाट्याने उंच होऊ लागले किंवा डोकेदुखीबरोबर त्याला बाजूचे दिसेनासे झाले, तर संप्रेरकतज्ज्ञांना लगेच दाखवा आणि आत्या व भाऊ या दोघांच्या आजाराची माहिती पहिल्याच भेटीत सांगा.