काही झालेलं नसताना कापून घ्यायचं?

"मॅडम, मला काही झालेलंच नाही. तरी कापून घ्यायचं?"

वीणाताईंनी (नाव बदललं आहे) खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. जनुकतपासणीचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आलेल्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न हाच असतो.

वय ३८, मुलुंडला घर, फोर्टात बँकेत नोकरी, दोन मुलं. धाकट्या बहिणीला ३४व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला आणि तिच्या रक्तात बीआरसीए-१ जनुकातला दोष सापडला, म्हणून ह्यांचीही तपासणी झाली. ह्या दोषानं स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. आई ठणठणीत आहे. दोष वडिलांच्या बाजूनं आलेला. आत्या 'पोटात पाणी होऊन' गेली होती. त्याला घरात कुणी कर्करोग म्हटलंच नव्हतं. आत्याचा काय संबंध, असं मला नेहमी ऐकवलं जातं. संबंध असतो. बापात दोष असेल तर मुलगा असो की मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मी आकडे आधी सांगितले. हा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण साठ-सत्तर जणींना ऐंशीच्या आत स्तनाचा कर्करोग होतो, हे ऐकलं आणि पुढचं त्यांच्या कानांवर पडलंच नाही. सोबत आलेले यजमान म्हणाले, "अँजेलिना जोलीनं २०१३ मध्ये काढूनच टाकले ना? आपणही काढू, विषय संपवू." वीणाताई गप्प. मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या होत्या.

दुसऱ्या भेटीला त्या एकट्या आल्या. म्हणाल्या, "लेडीज डब्यात आपण पर्स छातीशी धरून उभ्या राहतो ना, तशी आज उभी होते. मनात आलं, पर्सच्या मागे काहीच नसेल तर?" मग ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना काय सांगायचं, हेही निघालं. हे प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही.

त्या दिवशी आम्ही एका प्रश्नाचे दोन केले, कारण स्तन आणि बीजांडकोश ह्यांचा हिशेब वेगळा आहे. स्तनांवर नजर ठेवता येते. दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), मध्ये सहा महिन्यांचं अंतर ठेवून केली, तर गाठ बहुधा लहान असतानाच सापडते. तपासणीनं कर्करोग टळत नाही, सापडला तर उपचार करावेच लागतात, हेही तितकंच खरं. शस्त्रक्रियेनं धोका नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी होतो; पण ती मोठी असते, पुनर्रचना केली तर कधी एकाहून अधिक वेळा टेबलावर जावं लागतं, आणि तिथली संवेदना बहुतेक जाते. बीजांडकोशाचं मात्र तसं नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करत राहिलं तरी तो रोग वेळेत सापडेलच ह्याची हमी नाही. बीआरसीए-१ मध्ये शंभरात चाळीसच्या आसपास बायकांना तो होतो. म्हणून मुलं झाल्यावर, ३५ ते ४० ह्या वयात बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढायचा सल्ला देतात.

"म्हणजे पिशवी काढायची. आमच्याकडे गावात निम्म्या बायकांनी काढलीय," सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या. पिशवी म्हणजे गर्भाशय. इथे मुद्दा तिचा नाही. बीजांडकोश गेले की पाळी एका दिवसात बंद, अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं लवकर ठिसूळ होणं. स्वतःला कर्करोग झालेला नसेल तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत संप्रेरकांच्या गोळ्या घेता येतात का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवावं. नंतर विचारणाऱ्या जास्त भेटतात.

मनातली खरी गाठ वेगळीच निघाली. केमो चालू असलेली बहीण त्यांना म्हणाली होती, "तुला निदान निवडायला मिळतंय." तेव्हापासून निवडणं हाच त्यांना गुन्हा वाटत होता. हो म्हटलं तर बहिणीला जे सोसावं लागलं ते आपण आधीच चुकवलं, नाही म्हटलं तर मिळालेली संधी दवडली. तिसऱ्या भेटीला मी दोघींना एकत्र बोलावलं. स्कार्फ बांधलेली धाकटी बहीण अर्धा तास रडली, मग म्हणाली, "ताई, तू आधी पोटाचं कर. बाकीचं नंतर बघ."

तसंच झालं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, दुसऱ्या दिवशी घरी. काढलेल्या बीजवाहिन्या बारकाईनं तपासल्या, काही निघालं नाही. स्तनांचा निर्णय त्यांनी घेतलेला नाही. पुढच्या एमआरआयच्या तारखेला कालनिर्णयवर लाल गोल आहे. यजमानांना हे अजून अर्धवट वाटतं. मला वाटत नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. वाफा येतात, डब्यात पंख्याखालची जागा धरावी लागते, आणि दादा तपासणीला यायला तयार आहे. त्याला दोन मुली आहेत.

"फक्त वहिनीला कळता कामा नये म्हणतो. काय करू?"

मी म्हटलं, आधी त्यालाच माझ्याकडे पाठवा.