घरचा माग आणि डिझाइनची प्रवेश परीक्षा

प्रश्न : मी येवल्याची, बारावी सायन्सला आहे. बाबा पैठणी विणतात, घरात दोन माग आहेत. इंटरमीजिएट ड्रॉइंगला मला ए ग्रेड मिळाली. टेक्स्टाइल डिझाइन करायचं मनात आहे. बाबा म्हणतात, "मोर-मुनिया शिकायला अहमदाबादला कशाला जायचं?" क्लासचे सर म्हणतात, पोर्टफोलिओत पारंपरिक काही ठेवू नकोस, मॉडर्न दाखव. कुणाचं ऐकू?

उत्तर : बाबांचं अर्धं ऐक. सरांचं या बाबतीत अजिबात ऐकू नकोस.

आज संध्याकाळी पदरावरचा मोर अगदी नाक लावून बघ. लांबून त्याची मान गोल दिसते, जवळून मात्र ती पायऱ्यापायऱ्यांची असते. ताणा उभा, बाणा आडवा. गोलाई साधायची तर दर ओळीला एक-दोन तार सरकायचं, एवढाच उपाय. शिवाय प्रत्येक रंगाची कांडी (बाण्याचा धागा गुंडाळलेली) वेगळी, आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवलेले. म्हणून पदर उलटला तरी मोर तसाच दिसतो, आणि जकार्ड यंत्राने नमुना उचलून विणलेल्या सेमी पैठणीच्या मागच्या बाजूला मोकळे धागे सापडतात. तो मोर असा ठसठशीत, सलग रंगांचा का, याचं उत्तर चित्रकाराकडे नाही, मागाकडे आहे. मुलाखतीत हे सांगू शकणारी मुलं थोडी असतात, आणि तुला ते घरबसल्या माहीत आहे!

कोयरीचं उदाहरण घे. जिच्यावर कोयऱ्या असतात ती काश्मिरी कानी शालही पैठणीसारखीच, रंगागणिक वेगळ्या काड्यांनी विणली जाते. तिचा नमुना 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेला असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात या शालींचं वेड पसरलं आणि स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात त्यांच्या नकला निघू लागल्या. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेल्या जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी काम स्वस्त केलं. आकार आपल्याकडून गेलेला, आणि जगभर नाव चाललं 'पेस्ली'! (मला अजून याचा राग येतो.) १८७० नंतर फॅशन फिरली, तेव्हा काश्मीरचे विणकर आणि पेस्लीचे विणकर, दोघांचंही काम गेलं. कोयरी मात्र टायवर, रुमालावर, मोबाइलच्या कव्हरवर आजही आहे.

बाबांचं उरलेलं अर्धं इथे चुकतं. पैठणी विणता येणं वेगळं, आणि तीच कोयरी बेडशीटवर, टाइलवर, वॉलपेपरवर कशी बसेल हे ठरवणं वेगळं. एका बुट्टीपासून जोड न दिसणारा रिपीट, म्हणजे सलग पुन्हापुन्हा येणारा नमुना, करणं, माप बदललं की काय गाळायचं ते ओळखणं, एकाच नमुन्याचे पाच कलरवे, म्हणजे वेगवेगळ्या रंगसंगती, काढणं, हे शिकावं लागतं. सुरुवातीची नोकरी बहुधा असल्याच कामाची असते, बऱ्याचदा एक्स्पोर्टवाल्यांकडे आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर. साडी तिथे क्वचितच येईल, हे आधीच सांगून ठेवते.

एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, अहमदाबाद) आणि निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) दोन्हीकडे बारावीची कोणतीही शाखा चालते आणि अर्ज बारावीचं वर्ष चालू असतानाच निघतात, तेव्हा तारखा चुकवू नकोस. आयआयटीची यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षाही देऊ शकतेस, पण वस्त्र हा तिथला मुख्य विषय नव्हे. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालयही यादीत ठेव. तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या आणि छतावरच्या नक्षीच्या नकला केल्या होत्या. आणि चित्रकार प्रभाकर बरवे आठवतात ना? जे. जे.मधून बाहेर पडल्यावर त्यांनी कित्येक वर्षं सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. बाबांना हे जरूर सांग. विणकरांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, तिचीही चौकशी करायला त्यांनाच पाठव.

पोर्टफोलिओसाठी एकच मोर घे. आलेख कागदावर चौकटी भरून त्याचा नकाशा काढ, पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो लाव, मग तोच मोर सुती कापडावरच्या छपाईसाठी नव्याने मांड. आता पायऱ्यांची सक्ती नाही, तर मान कशी वळवशील? आणि सुट्टीत बाबांशेजारी बसून बोटभर बुट्टी स्वतः विण. चुकली तर उसवू नकोस, तीही फाइलला लाव आणि खाली कुठली तार कुठे सरकली ते लिही.